मृग लागायच्या आत गाडीचं एवढं उरकून घ्या

मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि पहिल्या पावसानंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवाला 'परवा बघू' म्हणतो. म्हणून ही कामं मे महिन्यातच संपवा.

सुरुवात टायरपासून. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआय. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल दाबाचा, तेवढी हवा भरून घेऊ नका. खाचांच्या तळाशी रबराचे आडवे उंचवटे दिसतात, त्यांच्याबरोबरीनं टायर घासला म्हणजे १.६ मिमी उरलं. कायदा तिथपर्यंत चालवू देतो, पण गगनबावड्याकडे पावसात जाणाऱ्यानं ३ मिमीलाच टायर बदलावा. खाच उथळ झाली की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. टायर मधेच घासलाय? हवा जास्त. दोन्ही कडांना? कमी. एकाच कडेला घासला असेल तर चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल. स्टेपनीची हवाही बघा. ती बघायची आठवण बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच होते.

वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. आधी पातं ओल्या फडक्यानं पुसून बघा, तरी काचेवर रेघा राहिल्या तर दोन्ही पाती बदला. आतून काच धुरकट झाली तर एसी लावा आणि हवा बाहेरून घ्या.

आता बॉनेट उघडा. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जाळी असते. गाडी झाडाखाली लागत असेल तर तिथं पानांचा लगदा साचलेला असणार. हातानं काढा आणि मगभर पाणी हळूच ओता. ते चाकाजवळून खाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर वाट तुंबली आहे. मग पाणी आत पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं, आठवडाभरानं वास येतो आणि वायरिंगचे जोड गंजतात.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी निगेटिव्ह सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतं. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा, कोरडं करा, जोडून व्हॅसलिन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर बॅटरी तपासून घ्या. पावसात वायपर, दिवे, ब्लोअर सगळं एकदम चालतं.

ब्रेक पॅड ३ मिमीच्या आत आले की बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी नवं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा म्हणतात ते यासाठीच. इंजिन ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटचं झाकण गाडी गरम असताना उघडू नका.

राहिलं पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं. गाडी सखल भागात लागत असेल तर ३९ ची वाट न बघता उंचावर नेऊन लावा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यानं इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जास्तीचं कलम, आहे का बघा. नसेल तर नूतनीकरणाला मागून घ्या. चाकाच्या निम्म्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंगनंच गॅरेजला न्या, आणि मेकॅनिकला फोनवर 'पाण्यात बंद पडली' हे पहिलं सांगा, नाहीतर तो सवयीनं किल्ली फिरवून बघतो.