गावातलं धनेशाचं झाड वाचवायचंय? मग आधी सातबारा काढा

धनेश पक्षी (हॉर्नबिल) वाचवायचा म्हटलं की आपल्याकडे लगेच बॅनर, शाळेत चित्रकला स्पर्धा, रॅली असलं काहीतरी सुरू होतं. करा, त्याला कोणाची ना नाही. पण धनेशाची खरी अडचण घराची आहे. त्याला ढोली लागते, म्हाताऱ्या जाडजूड झाडातली, आणि ती त्याला स्वतःला पाडता येत नाही, फांदी मोडून कुजलेली किंवा सुतार पक्ष्यानं आधी कोरून ठेवलेली जी मिळेल ती घ्यायची. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत असलं झाड बहुतेक वेळा कोणाच्यातरी खाजगी जागेत असतं. म्हणजे पक्षी वन्यजीव कायद्याच्या शेड्युल 1 मधला, सगळ्यात जास्त संरक्षण असलेला, आणि झाड शेजारच्या काकांचं. म्हणून म्हणतो, प्लॅन झाडापासून आणि झाडाच्या मालकापासून सुरू करायचा, पक्षी आपोआप येतो त्यात.

आपल्याकडे चार धनेश: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी आणि साधा राखी. महाधनेश 2018 पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत असुरक्षित (व्हल्नरेबल) आहे, कवड्या धोक्याच्या उंबरठ्यावर. दोघांनाही मोठी ढोली लागते, त्यामुळे गावपातळीवर काम करायचं तर आधी हे दोघं धरा.

झाडं शोधायची कशी? जंगलात वणवण फिरू नका, आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे, गुराख्यांकडे, काजूच्या बागेत राखणीला असणाऱ्यांकडे जाऊन बसा. "धनेश" विचाराल तर मान हलवतील नुसती, इथे त्याला गरूड म्हणतात, म्हणून "गरूड येता काय हय?" असं विचारा. "येता मा, दर वर्साक येता, त्या बेहड्यार" असं उत्तर मिळालं की तुमचं अर्धं काम झालं, कारण ढोली चांगली असेल तर तीच जोडी तिथे वर्षानुवर्षं येते. बेहडा, सातवीण, सावर, जुना रायवळ आंबा ही झाडं आधी बघायची.

हंगाम साधारण जानेवारी ते मे-जून. मादी ढोलीत शिरते आणि आतून विष्ठा, माती, फळांचा चोथा वापरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी उभी फट ठेवते फक्त. आत गेल्यावर ती पिसंही गाळते, म्हणजे उडता येत नाही, आणि नर तीन-चार महिने बाहेरून भरवतो. हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं याच्यावर आहे: या काळात नराचं काही बरंवाईट झालं किंवा त्याला झाडाजवळ येता आलं नाही तर आतल्यांची उपासमार.

घरटं आहे की नाही हे खात्रीनं कळायला वर नाही, खाली बघायचं. चालू घरट्याच्या बुंध्याशी विष्ठेचे पांढरे ओघळ आणि बियांचा सडा असतो. काजऱ्याच्या चपट्या, राखाडी, शर्टाच्या बटणासारख्या बिया पडलेल्या दिसल्या तर कवड्या धनेश असण्याची शक्यता भरपूर. मग लांब, निदान 50 मीटरवर, आडोशाला गप्प बसा. महाधनेश असेल तर दिसायच्या आधी पंखांचा आवाज येतो. नर बाजूच्या फांदीवर बसतो, मान वरखाली करतो आणि घशातून एकेक उंबर काढून फटीत देतो. एवढं दिसलं की नोंद करा आणि निघा, फोटोसाठी रेंगाळू नका.

नोंदीत काय पाहिजे: झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला, जीपीएस, तारीख, आजूबाजूला काय आहे (काजू, रबर, चिरेखाण, रस्ता) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गट नंबर. गट नंबर मिळाला की सातबारा ऑनलाईन बघता येतो.

आता खरी मजा इथे सुरू होते. कोकणातला सातबारा म्हणजे पंधरा-वीस नावं, त्यातली काही वारलेली, काही मुंबईत, एखादं दुबईला. झाड विकायचा निर्णय बऱ्याचदा फोनवर होतो, लाकूडवाला येतो, अख्ख्या जागेचा उक्ता भाव सांगतो, गावातला हिस्सेदार मुंबईला फोन लावतो, "देऊन टाक" म्हणतात आणि दोन दिवसांत कटर लागतो. त्यात तोडीचा सीझन पावसाळा संपल्यापासून मे पर्यंत, म्हणजे बरोब्बर घरट्याच्या काळात. तुम्ही फेब्रुवारीत बोलायला गेलात तर पैसे घेऊन झालेले असतात. बोलणी गणपतीत करा. चाकरमानी सगळे घरी असतात, मूडही चांगला असतो, आणि तोडीचे सौदे व्हायचे असतात. गणपती हुकले तर शिमगा आहे, पण तेव्हा मादी आत गेलेली असते हे लक्षात ठेवा.

बोलताना "तोडू नका" असं सरसकट म्हणायचं नाही. माणसाला पोरीचं लग्न असतं, घराचं काम काढलेलं असतं, त्याला तुमचा उपदेश नको असतो. सरळ विचारा: बाकीची विका, हे एक झाड आणि त्याच्या भोवतीची आठ-दहा ठेवाल का? भोवतीची का, तर मोकळं पडलेलं म्हातारं झाड पहिल्या वादळात आडवं होतं आणि नराला बसायला फांदीच उरत नाही. त्या झाडाचा लाकूडवाल्याने धरलेला भाव काढा, पोकळ झाडाला तो तसाही कमीच देतो. तेवढी रक्कम किंवा दरवर्षी थोडी राखणीची रक्कम देता येते का बघा. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला 2011 पासून हेच चाललंय, शहरातली माणसं घरटं दत्तक घेतात आणि त्या पैशातून न्यिशी जमातीतल्या गावकऱ्यांना घरटी राखायचा पगार मिळतो. केरळात वाझाचलला कादर आदिवासी घरट्यांवर नजर ठेवतात. तसंच्या तसं इथे चालणार नाही कारण तिथे जंगल सरकारी आणि इथे सातबारा काकांचा, पण राखणाऱ्याला मोबदला हा मुद्दा उचलण्यासारखा आहे. जे ठरेल ते साध्या कागदावर का होईना लिहा, हिस्सेदारांच्या सह्या घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पुतण्या म्हणतो मला माहितीच नव्हतं.

देवराईतलं झाड असेल तर वेगळी वाट. तिथे गावकर, मानकरी यांच्याशी बोलायचं. देवराई म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जुनी झाडं जातात हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कौल लावायच्या आधीच विषय काढलेला बरा.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं येतं, त्यामुळे चालू घरट्याचं झाड पाडणं हा मालकाच्याही अंगाशी येणारा गुन्हा आहे. ही माहिती द्या, पण पहिल्या भेटीत नको, धमकी वाटते. आंबा, किंजळ, ऐन अशा झाडांना तर खाजगी जागेतही तोडीची परवानगी लागते. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असतेच, 2002 च्या कायद्यानुसार, बहुतेक ठिकाणी फक्त कागदावर. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही झाडं लिहून घ्या. मोठा पट्टा असेल आणि मालक तयार असतील तर सामुदायिक राखीवचा, म्हणजे मालकांच्या संमतीनं त्यांच्याच जमिनीवर होणाऱ्या राखीव क्षेत्राचा पर्याय आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची दलदल जैवविविधता वारसा स्थळ झाली आणि तिलारीचं जंगल 2020 मध्ये संवर्धन राखीव झालं, म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे होऊ शकतं. वेळ लागतो मात्र.

घरटं वाचलं आणि खायला काही नाही, असंही होतं. वड, उंबर, नांदरुक, पायर यांना लाकूड म्हणून भाव नाही, म्हणून ती "फालतू" म्हणून कोळशाच्या भट्टीत जातात, आणि धनेशाला हीच सगळ्यात जास्त लागतात कारण वेगवेगळी झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात, उन्हाळ्यात बाकी काही नसताना सुद्धा. नकाशावर घरट्याच्या झाडाबरोबर ही पण टाका. रोपं करायची तर घरट्याखालच्या बिया गोळा करा, पण हंगाम संपल्यावर. रानजायफळासारख्या बिया सुकल्या की गेल्या, लगेच पिशवीत लावा. आणि लावलेल्या झाडात ढोली व्हायला कित्येक दशकं जातात, तेव्हा "एक तोडलं तर दहा लावू" या बोलीला भुलू नका.

फोटोग्राफर लोकांबद्दल स्पष्टच सांगतो, लोकेशन द्यायचं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, रीलच्या कॅप्शनमध्ये नाही, ओळखीच्यालाही नाही. झाडाखाली पाच माणसं उभी राहिली की नर घशात फळं घेऊन लांब बसून राहतो. ड्रोन तर नकोच. होमस्टेवाल्यांना पाहुणे दाखवायचे असतील तर फळं आलेल्या वडाखाली न्या, घरट्याकडे नाही, फोटोही तिथे चांगले मिळतात.

मधेच वादळात झाड पडलं किंवा पिल्लू खाली सापडलं तर घरी नेऊन पपई भरवत बसू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला किंवा रेंजरला फोन करा. महाधनेशाची मादी पिल्लाच्या आधी बाहेर येते आणि पिल्लू आतून पुन्हा लिंपून घेतं, त्यामुळे मादी बाहेर दिसली म्हणजे घरटं संपलं असं समजून जवळ जाऊ नका.

एखाद्या वर्षी जोडी आली नाही म्हणून झाड यादीतून काढायचं नाही, एखादा हंगाम सोडून परत येतात. दोन-तीन वर्षं सलग कोणीच नाही तर पावसाळ्यानंतर, ढोली रिकामी असताना, जाणकार माणूस चढवून आत बघून घ्या. कधी तळ कुजून खूप खाली गेलेला असतो आणि मादीची चोच फटीपर्यंत पोचतच नाही. थायलंडमध्ये धनेशाच्या अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांच्या टीमने असे तळ माती भरून वर आणलेत आणि धनेश परत आलेत. हे वनविभागाला विचारूनच करा, आणि डिसेंबरच्या आधी उरका.