चॅम्पियन्स लीगचे नॉकआऊट बघायचे कसे? आधी बेरीज जमवा

वर्षभर लीगच्या मॅचेस बघणारे बरेच जण फेब्रुवारीत चॅम्पियन्स लीगचे (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) नॉकआऊट, म्हणजे हरला तो बाहेर असे राउंड, सुरू झाले की गोंधळतात, कारण इथे कधीकधी मॅच हरलेली टीम नाचत बाहेर पडते आणि जिंकलेल्या टीमचे खेळाडू गवतावर बसून रडत असतात, आणि बघणाऱ्याला कळतच नाही की झालं काय. हे त्यांच्यासाठी लिहितोय, मनापासून लिहितोय, कारण माझ्या मते अख्ख्या क्लब फुटबॉलमधे याच्याइतकं भारी काही नाही आणि ते अर्धवट समजून बघणं म्हणजे फुकट घालवणं आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फायनल सोडली तर प्रत्येक लढत दोन मॅचची असते, एक यांच्या मैदानावर एक त्यांच्या, आणि दोन्ही मॅचचे गोल एकत्र मोजून जो पुढे असेल तो पुढच्या राउंडला जातो. म्हणजे ती ९० मिनिटांची मॅच नाहीच, १८० मिनिटांची आहे. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यातला त्या रात्रीचा स्कोअर बघायची सवय मोडा आणि बेरीज बघा.

आता कागद घ्या. खरंच घ्या, मोबाईलवर बघून डोक्यात राहत नाही. २०२४-२५ पासून फॉरमॅट बदललाय, ३६ टीमचा एकच टेबल, प्रत्येकाच्या ८ मॅचेस. पहिल्या ८ टीम थेट शेवटच्या १६ मधे, ९ ते २४ नंबरवाल्यांना आधी प्लेऑफ खेळायचा, आणि २५ पासून खाली सगळे घरी, पूर्वीसारखं युरोपा लीगमधे (खालच्या पायरीची स्पर्धा) उतरायची सोयही नाही. प्लेऑफमधे ९-१० ची गाठ २३-२४ शी, ११-१२ ची २१-२२ शी, असं करत करत १५-१६ ची १७-१८ शी. शेवटच्या १६ ची सोडत निघाली की फायनलपर्यंतचा अख्खा रस्ता ठरतो, पुढे परत सोडत नाही. म्हणून त्याच दिवशी झाड काढून ठेवा, डावी बाजू उजवी बाजू, म्हणजे कोण कोणाला कधी भेटू शकतं ते लगेच दिसतं आणि मजा तिथूनच सुरू होते. आणि हो, एकाच देशाच्या दोन टीम या टप्प्यात समोरासमोर येऊ शकतात, २०२५ मधे फ्रान्सचेच पीएसजी (पॅरिसचा क्लब) आणि ब्रेस्ट प्लेऑफलाच भिडले होते आणि पीएसजीने ३-० आणि ७-० असा निकाल लावला.

कागदावर प्रत्येक जोडीसमोर एक खूण अजून करा, दुसरी लेग, म्हणजे दोनपैकी दुसरी मॅच, कोणाच्या घरी. हे फार महत्त्वाचं आहे. शेवटची ९० मिनिटं, आणि लागलाच तर एक्स्ट्रा टाइम, आपल्या प्रेक्षकांसमोर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. प्लेऑफ आणि शेवटच्या १६ मधे टेबलात वर असलेल्याला ती मिळते. त्यापुढे मात्र २०२५ पर्यंत सगळं सोडतीवर होतं, म्हणून आर्सेनल टेबलात ३ रे आणि पीएसजी १५ वे असूनही सेमीफायनलची दुसरी लेग पॅरिसमधे झाली. २०२५-२६ पासून तो नियम सुधारला, पहिल्या ४ ना क्वार्टरफायनलची आणि पहिल्या २ ना सेमीची दुसरी लेग घरी मिळते, आणि त्यांना जो हरवेल त्याच्याकडे तो हक्क जातो. मला हा बदल एकदम योग्य वाटतो, ८ मॅचेस घाम गाळून वरचा नंबर मिळवला तर त्याचं काहीतरी मिळालंच पाहिजे.

पहिल्या लेगबद्दल लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती बघतच नाहीत, "खरी मॅच पुढच्या आठवड्यात" म्हणतात. बघा, आणि स्कोअरवर विश्वास न ठेवता बघा. ५ मार्च २०२५, पॅरिस, पीएसजी विरुद्ध लिव्हरपूल. पीएसजीचे २७ शॉट, लिव्हरपूलचे फक्त २, त्यांचा गोलकीपर ॲलिसनने एकामागून एक ९ शॉट अडवले आणि ८७ व्या मिनिटाला, नुकताच मैदानात आलेल्या हार्वे एलियटने गोल मारला. निकाल ०-१. ज्याने नुसता निकाल वाचला तो म्हणाला लिव्हरपूलचं काम झालं, घरी नुसती औपचारिकता. ज्याने ती ९० मिनिटं बघितली त्याला माहीत होतं की पीएसजी लिव्हरपूलपेक्षा वरचढ खेळतेय. आठवड्याने लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर पीएसजीच्या डेंबेलेने १२ व्या मिनिटाला बेरीज बरोबरीत आणली, पेनल्टीत त्यांचा गोलकीपर डोनारुम्माने नुन्येझ आणि जोन्सचे शॉट अडवले, आणि टेबलात पहिलं आलेलं लिव्हरपूल शेवटच्या १६ मधेच बाहेर. तीच पीएसजी पुढे चॅम्पियन झाली. तेव्हा पहिल्या लेगनंतर स्वतःला विचारायचं, असाच खेळ परत झाला तर काय होईल?

आणि पहिल्या लेगची शेवटची पाच मिनिटं तर अजिबात सोडू नका. २०१९ ची सेमी, बार्सिलोना लिव्हरपूलविरुद्ध ३-० पुढे, इंज्युरी टाइममधे डेंबेले (तेव्हा तो बार्सात होता) गोलसमोर मोकळा, आणि त्याने बॉल हलकेच ॲलिसनच्या हातात दिला. तेव्हा वाटलं, जाऊदे, तीन काय चार काय. आठवड्याने लिव्हरपूल ४-० जिंकलं. तो एक गोल झाला असता तर बेरीज ४-४ होती. मी त्या वेळी ३-० बघून दुसरी लेग सोडून दिली होती आणि ती हळहळ आजही आहे, कारण चौथा गोल लाइव्ह बघायची गोष्ट होती: अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नर ठेवून दोन पावलं मागे फिरला, दुसरा कोणी मारेल असं वाटलं, बार्साच्या डिफेंडरांचं लक्ष नव्हतं, आणि हा झटकन वळून मारतो आणि ओरिगीच्या पायावर.

दोन लेगच्या मधे करायचं काम म्हणजे पिवळी कार्डं मोजणं. स्पर्धेत तीन पिवळी झाली की एक मॅच बाहेर, मग पाचव्याला परत, आणि क्वार्टरफायनल संपली की पिवळ्यांचा हिशोब शून्य, म्हणजे पिवळ्या कार्डांची बेरीज भरली म्हणून कोणाची फायनल हुकत नाही. यातून डाव खेळायला जाऊ नये हे रियल माद्रिदचा कॅप्टन आणि डिफेंडर सर्जिओ रामोसने दाखवून दिलं. २०१९ मधे माद्रिद ॲजॅक्सच्या मैदानात २-१ जिंकत होतं तेव्हा शेवटी शेवटी त्याने मुद्दाम कार्ड घेतलं, विचार असा की पुढची मॅच बसून काढू आणि क्वार्टरला मोकळे. युएफाने (स्पर्धा चालवणारी संघटना) दोन मॅचची बंदी घातली, आणि क्वार्टरची वेळच आली नाही, कारण माद्रिदच्या घरी बर्नाबेऊवर ॲजॅक्सने ४-१ ने धुतलं आणि कॅप्टन वर बॉक्समधे बसून बघत होता. डिफेन्सचा मुख्य माणूस नसला की काय होतं ते त्या रात्री दिसलं.

दुसरी लेग सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा, कोणाला किती गोल हवेत. आणि जुने फॅन "अवे गोल" म्हणून काही सांगत असतील तर सोडून द्या, तो नियम २०२१-२२ पासून गेला. आधी बेरीज सारखी असली की बाहेरच्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे जायचा, २०१९ मधे टॉटेनहॅम असंच गेलं, ॲजॅक्सबरोबर बेरीज ३-३ आणि लुकास मौराचा तिसरा गोल ९६ व्या मिनिटाला. आज तसं झालं तर सरळ एक्स्ट्रा टाइम. मला विचाराल तर बरं झालं गेला, आधी घरी एक गोल खाल्ला की टीम घाबरून बसायची.

दुसऱ्या लेगमधे साधारण ७० व्या मिनिटानंतर मागे असलेल्या टीमचे सेंटर बॅक (मधले डिफेंडर) कुठे उभे आहेत ते बघा, स्कोअरपेक्षा जास्त कळतं. २०२५ ची इंटर-बार्सिलोना सेमी घ्या, पहिली लेग ३-३, दुसरीत इंटर २-० पुढे होतं आणि ८७ व्या मिनिटाला राफिन्याने बार्साला ३-२ पुढे नेलं. संपलंच होतं. ९३ व्या मिनिटाला ३७ वर्षांचा अचेर्बी, आयुष्यभर डिफेन्समधे खेळलेला माणूस, स्ट्रायकरच्या जागेवर उभा, डुमफ्रीसचा क्रॉस आला आणि त्याने असा वर उचलून मारला की जन्मभर तेच काम केलंय. मग एक्स्ट्रा टाइममधे फ्रात्तेसी आणि बेरीज ७-६. म्हणून टीव्ही लवकर बंद करायचा नाही.

एक्स्ट्रा टाइम १५-१५ मिनिटांचा, आणि त्यात एक जास्तीचा, म्हणजे सहावा बदली खेळाडू उतरवता येतो. कोचने तो राखून ठेवलाय का, पेनल्टी मारणारे कोण मैदानात उरलेत, हे बघत राहा.

मग पेनल्टी. इथे किक मारणाऱ्याच्या दोन्ही पायांवर नजर ठेवा, मार्च २०२५ पासून मी तेच करतो. ॲटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझने रियल माद्रिदविरुद्ध बॉल जाळ्यात मारला, पण मारताना पाय घसरला आणि टेकलेल्या पायाचा किंचित स्पर्श आधी झाला, व्हीएआरने (व्हिडिओ बघणारे रेफरी) बघितलं आणि गोल रद्द, ॲटलेटिको बाहेर. मुद्दाम केलेलं नव्हतं, तरी परत मारायला मिळालं नाही, मला ते फार कडक वाटलं होतं. त्याच वर्षी जूनमधे नियम स्पष्ट केला गेला, चुकून दोनदा स्पर्श होऊन गोल झाला तर किक परत मारायची. अल्वारेझला त्याचा काही उपयोग नाही, पण पुढच्या वेळी असं झालं तर शेजारी बसलेल्याला काय चाललंय ते तुम्ही सांगू शकाल.

फायनलला कागद बाजूला ठेवा. तिथे एकच मॅच, मैदान आधीच ठरलेलं, बेरीज नाही, दुसरी संधी नाही. सेमीत एवढं लढलेलं इंटर म्युनिकमधे पीएसजीकडून ५-० हरलं. सुरुवातीची २० मिनिटं चुकवू नका, त्या मॅचमधे पहिले दोन्ही गोल त्याच वेळात झाले.