शिकाऊ उमेदवारी सुटू नये म्हणून: नागपूरच्या आयटीआय निदेशकांसाठी

नागपुरात आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवारीची जागा मिळवून देणे तितके अवघड नाही. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान हा सगळा औद्योगिक पट्टा हाताशी आहे. शिवाय शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. मुले गळतात ती रुजू झाल्यावर, पहिल्या दोन महिन्यांत. कारणे बहुतेक तीनच: येणे-जाणे, बँक खाते आणि ट्रेडशी (आयटीआयत शिकलेल्या व्यवसायाशी) संबंध नसलेले काम.

कागद परीक्षेच्या आधी

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, आणि आयटीआयच्या दाखल्यावर वडिलांचे नाव अर्धेच. शिकाऊ उमेदवारीची नोंदणी इथेच अडकते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो. आधारला जोडलेला मोबाइल मुलाच्याच हातात हवा. तो नंबर वडिलांचा आणि वडील गावी असले की ओटीपीसाठी दिवस जातो.

खाते आधारशी 'लिंक' असणे पुरेसे नाही. सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी ते खाते डीबीटीसाठी (थेट लाभ हस्तांतरणासाठी) सक्रिय लागते. ही स्थिती आधारच्या संकेतस्थळावर दिसते. मुलाला समोर बसवून तपासा.

जागा निवडताना

मोतीबाग, अजनी अशा रेल्वेच्या जागांसाठी दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. आधी कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारी केलेल्या किंवा करत असलेल्या मुलाला रेल्वे घेत नाही. म्हणजे चांगल्या गुणांच्या मुलाने खासगी कंपनीत घाईने करार केला, तर ते दार बंद. बाकीच्यांना मात्र यादीच्या आशेवर घरी बसवू नका.

कंपनीला फोनवर चार प्रश्न विचारा: कोणत्या मशीनवर काम, पाळ्या किती, बस कुठून, कँटीन आहे का. हिंगण्याला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते, पण दुसरी पाळी रात्री 11 ला सुटली की मेट्रो नसते. बुटीबोरीला तर मेट्रोच्या खापरी स्थानकाच्या पुढेही बरेच जायचे असते. कंपनीची बस नसेल तर जाण्यायेण्याचा आणि डब्याचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा. तो विद्यावेतनाच्या एक तृतीयांशाहून जास्त झाला, तर तिथेच दोघातिघांनी मिळून खोली केलेली बरी. हा हिशेब पालकांसमोर करा, नाहीतर 'सात हजारात काय होते?' हा प्रश्न महिनाभराने येतोच.

करार आणि पैसा

सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर करार नोंदला गेला नसेल, तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हेच. काही ठेकेदार 'ट्रेनी' म्हणून घेतात, वर्षभर राबवतात आणि शेवटी लेटरहेडवर दाखला देतात. त्या दाखल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. कराराचा नोंदणी क्रमांक पहिल्या महिन्यातच मागून घ्या. मूल 18 वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते.

2019 च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णांसाठी किमान विद्यावेतन महिना 7000 रुपये धरले होते. करार करताना चालू दर पोर्टलवर पाहून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1500 रुपये, थेट मुलाच्या खात्यात टाकते. म्हणजे 7000 पैकी 5500 कंपनीकडून आणि 1500 वेगळ्या दिवशी. हे आधी सांगितले नाही तर मुले म्हणतात, 'कंपनीने दीड हजार कापले', आणि काम सोडून घरी. 1500 येतच नसतील तर आधी डीबीटीची स्थिती बघा, मग कंपनीशी बोला.

रुजू झाल्यावर

तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी फोन, महिन्याच्या शेवटी प्रत्यक्ष भेट. भेटीत 'कसं चाललंय?' विचारू नका. 'बरं आहे' एवढेच उत्तर मिळते. 'काल सकाळी काय केलंस?' असे विचारा. फिटर मुलगा सलग तीन आठवडे पॅकिंग किंवा लोडिंगवर असेल, तर सुपरवायझरशी बोला: दोन महिन्यांनी विभाग बदला, निदान मेंटेनन्समध्ये तरी टाका. बोलताना सुपरवायझरचा मान राखा, कारण राग निघतो तो मुलावर. रोजनिशी (रोज केलेल्या कामाची वही) दर आठवड्याला सही करून घ्यायला लावा. वर्षाच्या सह्या एका दिवसात कोणी देत नाही.

अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे मुलाला आणि घरच्यांना ठाऊक असू द्या. छोटी जखमही त्याच दिवशी कंपनीच्या नोंदवहीत लिहून घ्यावी.

मूल सोडायचेच म्हणत असेल, तर गपचूप जाऊ देऊ नका. जुना करार पोर्टलवर रीतसर बंद झाल्याशिवाय नवा करता येत नाही, आणि मग चांगली जागा आली तरी हात बांधलेले.

वर्ष संपत आले की शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी द्यायच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेची मुदत तुम्हीच लक्षात ठेवा. हजेरी आणि रोजनिशीची पूर्तता महिनाभर आधी कंपनीकडून मागवा, कारण अर्जाच्या शेवटच्या दिवशी एचआरवाला हमखास रजेवर असतो.