हेल्थ ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यायचंय? आधी महिनाभर एवढं करून बघा

दर जानेवारीत आणि मग दिवाळीचा फराळ संपला की माझ्याकडे कोणीतरी विचारतंच, अगं अमुक ॲपचं वर्षाचं घेऊ का, अर्ध्या किमतीत आहे, उद्यापर्यंतच ऑफर आहे. गेल्या सहा-सात वर्षांत मी ध्यान, पळणं, वजनं उचलणं, खाणं मोजणं, झोप, भाषा, सगळ्या प्रकारची ॲप्स पैसे भरून वापरलीत, आज त्यातली फक्त दोन चालू आहेत आणि त्या दोनांचे पैसे भरताना मला एकदाही जड वाटत नाही. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

पहिली गोष्ट, ॲप बघून ठरवू नका, आपण नेमके कुठे अडकतो ते बघून ठरवा. साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री एक ओळ लिहा, आज व्यायाम झाला का, नाही झाला तर का नाही. माझ्या वहीत चालण्यापुढे सारखं "उशिरा उठले", "लोकल चुकेल म्हणून नाही गेले" असंच होतं, आणि जिमपुढे मात्र "गेले, पण काय करायचं ते सुचेना, ट्रेडमिलवर वीस मिनिटं करून आले". आता बघा, डोंबिवलीहून 7:40 ची लोकल पकडणाऱ्या बाईला सकाळचा अर्धा तास कुठलंही ॲप काढून देणार नाही. पण जिममध्ये पुढे काय उचलायचं, मागच्या वेळी किती उचललं होतं, हे ॲप नक्की सांगू शकतं. म्हणजे चालण्याच्या ॲपला पैसे घालण्यात अर्थ नव्हता, जिमच्या ॲपला होता, आणि मी दोन वर्षं बरोब्बर उलटं करत होते.

दुसरी गोष्ट, महिनाभर फुकटात करा. खरंच खूप चांगलं फुकट मिळतं. पळायला नायकी रन क्लब आहे, त्यात कानात बोलणारा कोच पण आहे, पैसे लागत नाहीत. अगदीच नवीन असाल तर काऊच टू 5के (5 किलोमीटर पळायला शिकवणारा) हा प्लॅन घ्या, जॉश क्लार्क नावाच्या माणसाने 1996 मध्ये बनवलेला, नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं आणि मग 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. हा कागदावर लिहून फ्रीजला लावला तरी चालतो, याच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सवयींची खूण करायला लूप हॅबिट ट्रॅकर (अँड्रॉइडवर, जाहिराती पण नाहीत), ध्यानाला इनसाइट टायमर, ऑफिसात खुर्चीवर बसून पाच मिनिटं योग करायला आयुष मंत्रालयाचं वाय-ब्रेक. पावलं मोजायला फोनमधलं जे आहे तेच पुरे. आणि दहा हजार पावलांचा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आलेला आहे, कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही, तेव्हा सहा हजार झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, हे धरून चला.

महिन्यात निदान बारा वेळा ती गोष्ट झाली, म्हणजे आठवड्याला तीनदा, तरच पैसे भरायचा विचार करा. बारा झाले नाहीत तर पैसे भरून पण होत नाहीत, हे मी माझ्यावरून आणि घरातल्या चौघांवरून सांगते. पैसे भरले की जबाबदारी वाटेल असं सगळे म्हणतात, पण ती जबाबदारी पंधरा दिवस टिकते.

आता कुठे पैसे द्यावेत.

खाणं मोजायच्या ॲपवर थोडं सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. मायफिटनेसपाल जुनं आहे, 2005 पासूनचं, पण 2022 मध्ये त्यांनी बारकोड स्कॅनर पैशाच्या प्लॅनमध्ये टाकला आणि तसंही आपल्या घरात बारकोडचं किती खातो आपण. बंगळुरूचं हेल्थीफायमी भारतीय जेवणासाठी बरं, पोहे, वरण, थालीपीठ सगळं सापडतं. पण कुठलंही ॲप घ्या, "1 भाकरी" लिहिलं की ते कुठली भाकरी धरतं हे त्यालाच माहीत. माझ्या सासूबाईंची भाकरी आणि माझी भाकरी यात दीडपट फरक आहे. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजून बघितलं, माझ्या भाकरीला 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ लागलं, त्यांच्या भाकरीला 90. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 330 ते 350 कॅलरी, म्हणजे एक भाकरी दोनशेची आणि दुसरी तीनशेची, आणि ॲपमध्ये दोन्ही "1 मध्यम". तेलाचं तर विचारूच नका, एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी, वांग्याच्या भाजीचा फोटो काढून ॲपला दाखवला तर फोडणीत किती तेल गेलं ते त्याला कुठून दिसणार. तेव्हा फोटोवरून कॅलरी सांगतो म्हणून जास्त पैसे मागत असतील तर तेवढ्यासाठी भरू नका. त्यापेक्षा एक काटा घ्या आणि आठवडाभर पीठ, तांदूळ, तेल मोजा, तुमच्या घरच्या वाटीत किती मावतं ते एकदा कळलं की पुढे फुकट व्हर्जनवर काम भागतं.

पैसे द्यायचेच तर माणसासाठी द्या, म्हणजे ज्या प्लॅनमध्ये खरा आहारतज्ज्ञ बोलतो तो. पण तो पण आधी एक महिन्याचाच घ्या आणि पहिल्याच फोनवर तुमची खरी अडचण विचारा. मी विचारलं होतं की आमच्याकडे जेवण रात्री साडेनऊला होतं, सगळ्यांना एकच भाजी असते, चतुर्थीला उपास असतो, यात कसं बसवू. एका ठिकाणाहून मला किनोवा आणि अवोकाडोची तयार पीडीएफ आली, ते मी त्याच दिवशी बंद केलं. दुसरीकडच्या मुलीने विचारलं, संध्याकाळी घरी आल्या आल्या काय खाता, मी म्हटलं फरसाण, ती म्हणाली मग साडेनऊचं जेवण राहू द्या, आपण आधी साडेसातचं बघू. तीन महिने मी तिच्यासाठी पैसे भरले आणि ते वसूल झाले. फक्त भरायच्या आधी तुमच्या गावातल्या आहारतज्ज्ञाची फी पण विचारून ठेवा, बऱ्याचदा ॲपच्या तीन महिन्यांच्या प्लॅनच्या पैशांत समोर बसून तीन-चार भेटी होतात. आणि शुगर, थायरॉइड, किडनीचं काही असेल तर आधी डॉक्टर, मग ॲप.

वजनं उचलायची नोंद ठेवायला स्ट्राँग किंवा हेवी नावाचं ॲप. दोन्हीच्या फुकट व्हर्जनमध्ये वर्कआउटचे मोजकेच प्लॅन साठवता येतात पण नवीन माणसाला तेवढे पुष्कळ होतात. मी आधी आठ महिने फुकट वापरलं. याचा उपयोग असा, की मशीनसमोर उभी राहिले की फोनवर दिसतं, मागच्या गुरुवारी 20 किलो 8 वेळा, मग आज 9 वेळा. एवढंच. पण हे "एवढंच" नसलं की आपण वर्षभर त्याच वजनावर राहतो आणि म्हणतो की फरक पडत नाही. माझ्या चालू असलेल्या दोनांपैकी हे एक.

पळणाऱ्यांनी पैसे सीझनपुरते भरावेत. स्ट्रावामध्ये पळणं नोंदवणं फुकटच आहे, 2020 पासून सेगमेंटचा (रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कोण किती वेगात गेलं त्याचा) पूर्ण लीडरबोर्ड वगैरे पैशाच्या प्लॅनमध्ये गेलं, ते नसलं तरी आपलं काही अडत नाही. रना नावाचं ॲप आहे, 2025 मध्ये स्ट्रावानेच विकत घेतलं, ते तुमच्या तारखेनुसार आठवड्याचा प्लॅन बनवून देतं, पण हा प्लॅन समोर रेस असेल तरच कामाचा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, हाफ करणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटी महिन्याचं घ्या, रेस झाली की बंद करा, मधल्या पावसाळ्यात तुम्ही तसंही ते उघडणार नाही.

ध्यानाचं थोडक्यात. हेडस्पेस 2010 पासून आहे, त्याची सुरुवातीची शिकवण खरंच चांगली आहे, कधीच बसला नसाल आणि बसलं की दोन मिनिटांत उठावंसं वाटत असेल तर दोन-तीन महिने पैसे भरा, श्वासावर बसायला जमलं की घंटा वाजवणारा टायमर पुरतो. इगतपुरीला धम्मगिरीचं दहा दिवसांचं शिबिर फी न घेता होतं, रजा मिळत असेल तर ते करा.

झोपेच्या ॲपला मी पैसे देऊ नका म्हणेन. उशीजवळचा फोन हालचाल आणि आवाज ऐकून अंदाज बांधतो, गाढ झोप किती झाली ते त्याला नीट कळत नाही, उलट सकाळी 62 गुण बघून दिवसभर थकल्यासारखं वाटतं, माझ्या बहिणीला व्हायचं तसं. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर ॲप नको, डॉक्टरकडे जाऊन झोपेची तपासणी करा.

आणि माझं दुसरं चालू असलेलं सबस्क्रिप्शन ऐकून तुम्हाला नवल वाटेल, ते स्टोरीटेलचं आहे. 2017 मध्ये भारतात आलं, मराठी ऑडिओ पुस्तकं भरपूर. मी नियम केला, पुस्तक फक्त चालतानाच ऐकायचं, घरात नाही, लोकलमध्ये नाही. आता स्टेशनवरून घरी येताना रिक्षा न करता चालत येते, प्रकरण संपलं नाही तर सोसायटीला अजून दोन चकरा मारते. वहीतलं "उशिरा उठले" हे कारणच संपलं कारण चालणं सकाळवरून संध्याकाळवर गेलं. चालायची जी जी ॲप्स मी घेतली त्यातल्या एकानेही हे केलं नव्हतं.

भाषा शिकायला ड्युओलिंगो घेत असाल तर फुकट व्हर्जनमध्ये पण सगळा कोर्स असतो, पैसे भरून जाहिराती जातात आणि मध्येच थांबावं लागत नाही, रोज अर्धा तास करत असाल तरच घ्या.

काही गोष्टींना अजिबात पैसे देऊ नका. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप्स, त्यापेक्षा दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, बाबांच्या बीपीचा प्रश्न आहे. पाळीची नोंद ठेवायला पण पैसे नकोत, आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये ते आहे, आणि घ्यायच्या आधी कोणाला माहिती देतात ते वाचा, फ्लो या ॲपने बायकांची माहिती फेसबुक, गूगल वगैरेंना दिल्याबद्दल अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने 2021 मध्ये त्यांच्यावर कारवाई केली होती. मन फारच खाली गेलं असेल तर ॲप शोधत बसू नका, 14416 वर फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता पैसे भरण्याचं, हे नीट वाचा कारण मी इथे दोनदा पैसे घालवलेत. एका योगाच्या ॲपची सात दिवसांची ट्रायल घेतली, चौथ्या दिवशी कंटाळा आला, ॲप डिलीट केलं आणि मला वाटलं झालं. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले गेले आणि पुढच्या वर्षी परत, बँकेचा मेसेज आला होता पण ऑफरच्या मेसेजेसमध्ये दिसला नाही. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपला फोटो, तिथे पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर सेटिंग्ज, सगळ्यात वर आपलं नाव, मग सबस्क्रिप्शन्स. ट्रायल घेतली की ट्रायल संपायच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच मिनिटाला लावा, आयफोनवर निदान 24 तास आधी रद्द करावं लागतं. महिन्याचं घेतलं असेल तर मी त्याच दिवशी रद्द करून टाकते, भरलेला महिना वापरता येतो आणि पुढचा महिना मला वाटलं तरच भरला जातो.

यूपीआयने भरलं असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे (आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या) म्हणून भाग असतो तो उघडून बघा, माझ्या बहिणीच्या यादीत पाच निघाले, त्यातली तीन तिला आठवत पण नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या निदान 24 तास आधी कळवावं लागतं आणि 15,000 च्या वरची रक्कम तुमच्या ओटीपी किंवा यूपीआय पिनशिवाय जात नाही, पण ॲप्स सगळी त्याच्या खालचीच असतात म्हणून तो मेसेज वाचणं आपल्याच हातात आहे.

वर्षाचं घेऊ का महिन्याचं, तर हिशोब असा करा. वर्षाचे 2,400 असतील आणि महिन्याला आठ वेळा वापरलं तर एका वेळेचे 25 रुपये पडले, दोनदाच वापरलं तर 100. तीन महिने महिन्याचं भरा, ॲपमध्ये स्वतःचे दिवस मोजा, मग वर्षाचं घ्या. "आज रात्री 12 पर्यंतच" ची घाई करू नका, तशीच ऑफर गुढीपाडव्याला परत येते.

आणि बंद करायचं बटणच सापडत नसेल, मेल करा, फोन करा, कारण सांगा असं फिरवत असतील, तर त्याला आता नाव आहे, सबस्क्रिप्शन ट्रॅप, 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या नियमांत ते चुकीचं ठरवलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. प्ले स्टोअरवरून पैसे कापले गेले असतील तर पहिल्या 48 तासांत गूगलकडे रिफंड मागा, नंतर ॲपवाल्याच्या दारात जावं लागतं.