तुटलेल्या जंगलातली झाडं मोजताना या चुका टाळा

किनवटचं सागवान असो, गौताळ्याच्या उतारावरचं मिश्र रान असो की येडशी-रामलिंगचा घाट, तोडीनंतर काय उरलं ते पाहायला गेलेले गट बहुधा एकच आकडा घेऊन परततात: जाती किती. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीतही बऱ्याचदा नुसती यादीच असते. गडबड इथेच होते, कारण तोडीनंतर हा आकडा कधी कधी वाढतो. मोकळा उजेड मिळाला की सुबाभूळ, बाभूळ, बोर, निंब शिरतात, आणि हळदू-कुसुम गेले तरी यादी भरलेलीच दिसते. म्हणून प्रत्येक जातीपुढे झाडांची संख्या लिहा. मूळ रानातल्या आणि बाहेरून आलेल्या जाती वेगळ्या मांडा.

संख्येनं काय फरक पडतो? समजा, दोन रानांत शंभर-शंभर झाडं आहेत आणि दोन्हीकडे १० जाती. एकात प्रत्येक जातीची १० झाडं. दुसऱ्यात ९१ साग आणि बाकी नऊ जातींचं एकेक झाड. शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि झाडं त्यांच्यात किती सारखी वाटली गेलीत हे सांगणारा आकडा, नैसर्गिक लॉग घेतला तर पहिल्याचा २.३० येतो, दुसऱ्याचा ०.५०. लॉग उलटा फिरवला (e चा तेवढा घात काढला) की पहिल्याच्या १० जाती येतात, दुसऱ्याच्या १.६५; म्हणजे दुसरं रान जेमतेम दीड-दोन जातींचंच म्हणायचं. नुसत्या यादीत मात्र दोन्ही सारखीच.

दुसरी चूक फुटव्यांची. तोडलेल्या खुंटाला सहा फुटवे आले की सहा झाडं लिहिली जातात. जमिनीशी एकच बुंधा असेल तर झाड एकच. घेर मोजायचा १.३७ मीटर उंचीवर, उतार असेल तर वरच्या बाजूनं. दोन फुटव्यांचे घेर ३० आणि ४० सेंमी असतील तर बेरीज ७० धरू नका. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ५० सेंमी येतो. धावड्याच्या बाबतीत खुंट हीच खरी पुंजी. त्याचं बहुतेक बी पोकळ निघतं, त्यामुळे खुंट उपटून नेले की धावडा त्या जागी सहजी परतत नाही. खुंटही मोजा, जिवंत आणि मेलेले वेगळे.

सगळ्यात महागात पडते ती रोपटी न मोजण्याची चूक. ३० सेंमीपेक्षा जास्त घेराची झाडं मोजून लोक थांबतात. मोठा मोहा, बेहडा उभा असतो म्हणून जात 'आहे' असं लिहिलं जातं. खाली एकही रोप नसलं तरी. चराई, वणवा आणि फळं वेचणं यातून नवी पिढीच उगवत नाही आणि ऱ्हास कित्येक वर्षं उशिरा दिसतो. झाडांसाठी २० × २० मीटरची चौकट आखली असेल तर तिच्या आत ५ × ५ ची रोपट्यांसाठी आणि १ × १ ची अंकुरांसाठी आखा. चारोळी-टेंभुर्णीची रोपटी नाहीत पण सालईची आहेत, असं निघालं तर बी पसरवणारे प्राणी-पक्षी घटलेत का तेही तपासा. सालईचं पंखवालं बी वाऱ्यावरही जातं.

फेब्रुवारी ते मे या काळात जाऊ नका. निष्पर्ण सालई आणि मोई (शेमट) यांची हमखास गल्लत होते. सालईची साल कागदासारखी सुटते, पानाची कड दातेरी असते आणि पान चुरगाळलं की राळेचा वास येतो. मोईच्या पर्णिकेची कड अखंड असते. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

रानाच्या छोट्या तुकड्यांत काठाचं भान ठेवा, कारण काठावर उजेड जास्त पोचतो. चौरस १ हेक्टरच्या तुकड्यात चारही कडांचे २० मीटर सोडले तर आत ६० × ६० मीटर, म्हणजे ३६ टक्केच उरतं. काठावरच्या आणि आतल्या चौकटी मिसळू नका. किनवटची तुलना बीड-धाराशिवकडच्या बालाघाट डोंगरांतल्या खुरट्या रानाशीही नको. तिथे पाऊसच कमी. तुलना त्याच पावसाच्या, त्याच मातीच्या न तुटलेल्या तुकड्याशी करा, आणि दोन्हीकडे चौकटी सारख्याच संख्येच्या घ्या, कारण जास्त जागा पाहिली की जाती जास्तच सापडतात. घेर मोजला तिथे रंगाचा पट्टा मारा. पुढच्या वेळी टेप तिथेच लावायचा.