सीओपीडीच्या रुग्णांत लसीचा परिणाम मोजायचा, तर आधी औषधांची वही

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या प्रौढाला लस टोचली, महिन्याने प्रतिपिंडे मोजली, की काम संपले असे वाटते. पण या रुग्णांच्या रक्तात लसीच्या परिणामाखेरीज बरेच काही फिरत असते: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, नुकत्याच झालेल्या संसर्गाची प्रतिपिंडे. हे सगळे आधीच वेगळे काढता आले नाही, तर महागड्या प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याचाही अर्थ लागत नाही.

निवड स्पायरोमेट्रीवरच (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या चाचणीवरच) करावी, जुन्या केसपेपरवरच्या निदानावर नाही. दम्याचे कितीतरी रुग्ण सीओपीडीच्या नावाखाली औषधे घेत असतात. स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) ४०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळे करणारे औषध द्या, १५ मिनिटे थांबा आणि मग फुंकायला लावा. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) भागिले एफव्हीसी (पूर्ण फुंकीत बाहेर पडलेली हवा) हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी हवे. किमान तीन नीट फुंकी घ्या. त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. तुलनेचा गट त्याच वयाचा घ्या. पासष्टीच्या रुग्णांशेजारी पंचविशीतली मुले बसवली, तर मोजले जाते वय, आजार नव्हे.

गेल्या चार आठवड्यांत त्रास बळावला असेल, तर लस पुढे ढकला. यामागे दोन कारणे आहेत. बळावलेल्या त्रासावर सहसा प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस दिले जाते आणि त्याने रक्तातल्या लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) तात्पुरत्या घटतात. शिवाय, त्रास ज्या विषाणूने बळावला, लसही त्याच्याच विरुद्धची असेल, तर प्रतिपिंडे संसर्गाने वाढली की लसीने, हे नंतर सांगता येत नाही. रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा अधिक काळ चालू असलेल्यांना या गटात मिसळू नका. त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली धरतात. स्टेरॉइडचा पंप मात्र चालू राहू द्यावा, फक्त औषधाचे नाव आणि मात्रा टिपून ठेवा.

औषधांची वही प्रत्येक भेटीला, रक्त काढायच्या आधी भरायची. ‘अँटिबायोटिक घेता का?’ असे विचारले की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येते, कारण आठवड्यातून तीनदा घ्यायची अझिथ्रोमायसिनची गोळी रुग्णाच्या लेखी ‘छातीची गोळी’ असते. गोळ्यांची पाकिटेच घेऊन यायला सांगा. मागच्या लसींच्या तारखाही याच वहीत.

पहिला नमुना लस टोचण्यापूर्वी, दुसरा २८व्या दिवशी, पुढचे सहा आणि बारा महिन्यांनी. पेशींचे काम असेल, तर ७व्या दिवशीचे रक्तही हवे, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी रक्तात साधारण तेव्हाच दिसतात आणि मग ओसरतात. सिरमसाठी (गोठलेल्या रक्तावरच्या द्रवासाठी) साध्या नळीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्या, ३० ते ६० मिनिटे गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्या करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकाच मोठ्या कुपीतून पुन्हा पुन्हा वितळवून घेण्याची काटकसर अंगाशी येते. पेशींसाठी हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) नळी वापरा. ती बर्फात ठेवू नये, आठ तासांच्या आत पेशी वेगळ्या कराव्यात. शिळ्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लिम्फोसाइटच्या थरात उतरतात आणि एलिस्पॉटचे (काम करणाऱ्या पेशी ठिपक्यांनी मोजणाऱ्या चाचणीचे) ठिपके फिके पडतात. स्टेरॉइड घेणाऱ्यांत न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचाच एक प्रकार) मुळातच जास्त असल्याने इथे उशीर जास्तच नडतो.

फ्लूच्या लसीसाठी हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन चाचणी पुरते. विषाणू तांबड्या पेशींना गुंफून जाळी करतो, ते प्रतिपिंडे रोखतात का, हे ती पाहते. सिरममधले इतर अडथळे काढण्यासाठी ५० मायक्रोलिटर सिरमात १५० मायक्रोलिटर आरडीई (हे अडथळे तोडणारे एन्झाइम) घाला, ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, मग ५६ अंशांवर ३० मिनिटे. त्यात ३०० मायक्रोलिटर सलाइन घातले की १:१० चे पातळीकरण तयार. पुढे दुपटीने पातळ करत जा, विषाणूची ४ एकके घाला आणि शेवटी टर्की पक्ष्याच्या ०.५ टक्के तांबड्या रक्तपेशी. अर्ध्या तासाने प्लेट तिरकी धरा. प्रतिपिंडांनी विषाणूला अडवले असेल, तर तळाचा लाल ठिपका अश्रूसारखा ओघळतो. नसेल तर पेशींची जाळी जागची हलत नाही. नुसता ठिपका पाहून वाचन करू नका, ओघळ पाहा. एकाच माणसाचे सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावा. कोणता नमुना लसीआधीचा हे वाचणाऱ्याला कळू देऊ नका.

न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धच्या लसीत खरी मेख आहे. तिथे ऑप्सोनोफॅगोसायटोसिस चाचणीत प्रतिपिंडे, कॉम्प्लिमेंट (रक्तातली जिवाणूंविरुद्धची प्रथिने) आणि एचएल-६० पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, जिवाणू गिळणाऱ्या) मिळून किती जिवाणू मारतात ते मोजतात. सिरमात अँटिबायोटिक असले तर तेच जिवाणू मारते आणि टायटर (सिरम किती पातळ केले तरी काम करते, तो आकडा) खोटेच उंच येते. ओळखायची खूण अशी, की लसीशी संबंध नसलेल्या प्रकाराचे जिवाणूही मरतात. प्रत्येक संशयित सिरम एचएल-६० पेशींशिवायही लावून बघा. तरीही जिवाणू मेले, तर तो निकाल बाद. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या) गटाचे औषध असेल, तर ते तोडणारे पेनिसिलिनेज हे एन्झाइम उपयोगी पडते, अझिथ्रोमायसिनवर ते चालत नाही. ते औषध शरीरात रेंगाळतेही, म्हणून दोन दिवस गोळी चुकवून भागत नाही. आणि चाचणीच्या सोयीसाठी रुग्णाची चालू गोळी बंद करणे कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही. अशांसाठी एलायझा चाचणीने आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडे) मोजावे, अँटिबायोटिकचा त्यावर परिणाम होत नाही.

थुंकीतले आयजीए (श्वासमार्गाच्या अस्तरावरची प्रतिपिंडे) मोजण्याचा मोह होतो. पण थुंकी पातळ करायला वापरतात ते डायथायोथ्रेटॉल प्रतिपिंडांचेच डायसल्फाइड बंध तोडते. नाकातला स्राव शोषक पट्टीवर घेणे जास्त सुटसुटीत, आणि थुंकी काढण्यासाठी दिलेल्या खारट वाफेने श्वासनलिका आवळण्याची भीतीही राहत नाही.

नमुनासंख्या काढताना टायटर लॉग२ मध्ये (दुपटींच्या मोजणीत) घ्या. प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) २ धरले आणि दोन गटांतला दुपटीचा फरक ८० टक्के शक्तीने (तो खरा असल्यास सापडण्याच्या संभाव्यतेने) पकडायचा असला, तर प्रत्येक गटात ६३ माणसे लागतात. १५ टक्के गळती धरून ७५. नुसत्या चौपट वाढीवर निकाल ठरवू नका. दरवर्षी फ्लूची लस घेणाऱ्याचे टायटर सुरुवातीलाच १:१६० असले, तर चौपट म्हणजे १:६४०. तिथवर पोचला नाही म्हणून लस वाया गेली असे होत नाही. म्हणून सुरुवातीचे टायटर गणितात घालूनच तुलना करा. १:१० च्या खालच्या वाचनाला १:५ धरा. लसीनंतर २८ दिवसांच्या आत ज्यांचा त्रास बळावला किंवा प्रेडनिसोलोन सुरू झाले, त्यांचे विश्लेषण कसे करायचे हे पहिली नळी भरण्यापूर्वीच आराखड्यात लिहून, तारीख घालून ठेवा.