स्ट्रेप्टोमायसिस म्हणून ठेवलेला स्ट्रेन खरंच तोच आहे का, कसं तपासायचं

प्लेटवर खडूसारखी कोरडी कॉलनी दिसली, मातीचा वास आला की लगेच वहीत स्ट्रेप्टोमायसिस (मातीत राहणारा, धाग्यांसारखा वाढणारा बॅक्टेरिया) लिहून मोकळे होऊ नका. टीबीचं रिफॅम्पिसिन ज्या रिफामायसिनपासून बनतं, ते देणारा बॅक्टेरियाच बघा ना, १९५७ मध्ये फ्रान्सच्या सेंट राफाएलच्या मातीत सापडला तेव्हा त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस, १९६९ मध्ये नोकार्डिया आणि १९८६ पासून अमायकोलॅटॉप्सिस मेडिटेरानी.

आधी दिसणं. आयएसपी-२ मीडियावर (अशा बॅक्टेरियासाठीचं ठरलेलं अगार) २८ डिग्रीला वाढवा, ७, १४ आणि २१ दिवसांनी रंग लिहून ठेवा. कव्हरस्लिप अगारमध्ये तिरकी खोचायची, कडेनं स्ट्रीक करायचं आणि वाढ झाली की चिमट्यानं अलगद काढून मायक्रोस्कोपखाली बघायचं, स्पोरची साखळी सरळ आहे की स्प्रिंगसारखी, की हायफेचेच (वाढलेल्या धाग्यांचेच) चौकोनी तुकडे पडतायत? तुकडे पडत असतील तर नोकार्डिया, अमायकोलॅटॉप्सिस यांच्याकडे वळा. नुसत्या रंगावर जाऊ नका, मीडिया बदलला की तोही बदलतो.

खरा निकाल लागतो सेल वॉलवर, आणि ही टेस्ट कॉलेजच्या लॅबमध्येही होते. वाळलेल्या सेल्स सहा नॉर्मल एचसीएलमध्ये बंद ट्यूबमध्ये १०० डिग्रीला रात्रभर ठेवा (फ्यूम हूडमध्येच, प्लीज), ॲसिड उडवून सेल्युलोजच्या टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करायची प्लेट) ठिपका द्या, शेजारी स्टँडर्डचा (डायअमिनोपिमेलिक ॲसिडच्या माहीत असलेल्या नमुन्याचा) पण द्या. सॉल्व्हंट मिथेनॉल, पाणी, सहा नॉर्मल एचसीएल, पिरिडिन ८०:२६:४:१०. निनहायड्रिन (अमिनो ॲसिडला रंग देणारं रसायन) मारून तापवलं की बाकी अमिनो ॲसिड जांभळी दिसतात आणि सेल वॉलमधल्या डायअमिनोपिमेलिक ॲसिडचा ठिपका शेवाळी हिरवा येऊन हळूहळू पिवळा पडतो, तेव्हा लगेच पेन्सिलनं गोल करा. ह्या ॲसिडचे दोन प्रकार, एलएल आणि मेसो; एलएल पुढे पळतो, मेसो मागे राहतो. एलएल म्हणजे स्ट्रेप्टोमायसिसची शक्यता. मेसो आणि सोबत अरॅबिनोज, गॅलॅक्टोज ह्या साखरा मिळाल्या तर मायकोलिक ॲसिड (सेल वॉलमधलं लांब साखळीचं फॅटी ॲसिड) तपासा, असेल तर नोकार्डियाची बाजू, नसेल तर अमायकोलॅटॉप्सिस. १९८६ चा बदल मुख्यतः ह्याच मुद्द्यावर झाला.

मग जीन्स. १६एस (ओळख पटवायला वापरतात तो आरएनएचा जीन) सिक्वेन्स करा, पण जवळच्या टाइप स्ट्रेनशी (स्पीशीजचा अधिकृत नमुना) ९९ टक्के जुळला म्हणून तीच स्पीशीज असं नाही, जीनोम काढून एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के जुळतात) बघा, ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं तर स्पीशीज वेगळी. आधी हेच डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशननं करायचे, मर्यादा ७० टक्के. २००४ मध्ये मेडिटेरानी म्हणून जपलेला एक स्ट्रेन दिल्ली विद्यापीठाच्या टीमनं वेगळा काढला, तो आता अमायकोलॅटॉप्सिस रिफामायसिनिका आहे.

अँटिबायोटिक एकच म्हणून बॅक्टेरिया एकच असंही धरू नका, रिफामायसिन समुद्रातला सॅलिनिस्पोराही बनवतो. आणि टाइप स्ट्रेन मागवून आपल्या स्ट्रेनसोबत एकाच बॅचच्या मीडियावर वाढवा, पेपरमधल्या टेबलशी तुलना करून भागत नाही. नवीन स्पीशीज निघालीच तर स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये जमा करावा लागतो, आपल्याकडे पुण्यात एनसीएमआर (नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स) आहे, त्यांचा फॉर्म आधीच भरायला घ्या.